पुढून येणारा आवाज

"डावीकडं फिरवा," मी जीपखालून ओरडले.

शेडातल्या ओल्या मातीवर पोतं टाकून मी उताणी पडले होते आणि चाकाच्या आतल्या सांध्यावर तळहात दाबून धरला होता. वर स्टेअरिंगवर आमचे मालक, हिंदुराव सपकाळ. ज्या हातांनी त्यांनी अख्खी उमर हीच जीप घाटातून खेळवली, त्या हातांना आता उभ्या गाडीचं चाक फिरवायलाही धाप लागत होती.

"काय लागतंय का हाताला?"

"न्हाई."

"झटका बसतोय?"

"न्हाई वो. लोण्यावानी फिरतंय."

"मग त्यो सांधा न्हवं. म्होरचा धर."

जुन्या गाडीचा आवाज कानानं शोधायचा नसतो, हातानं शोधायचा असतो, ही त्यांची शिकवण. आवाज लोखंडातून इकडेतिकडे पळतो आणि कानाला चकवा देतो. म्हणून एकानं वर बसून चाक डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्यानं खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवत जायचं. जिथं झीज असेल तिथं तळहाताला धक्का बसतो. मी सगळ्या सांध्यांवरून हात फिरवला, पाट्यांची टोकं धरून पाहिली, पहार घालून चाकही उचलून पाहिलं. कोपरापर्यंत ग्रीस माखलं, केसांत माती गेली, पण धक्का म्हणून काही बसेना.

"शॉकप बघू का?" चाकामागच्या धक्के झेलणाऱ्या नळीकडे बघत मी विचारलं.

"त्यो कशाला? त्यो मागच्या खेपंला मिस्त्रीनं आवळलाय की. ये भाईर आता, दिस बुडला."

मी बाहेर आले तेव्हा मला रडू येत होतं. पण मला रडू आलं की मी चिडते, हा माझा जन्माचा स्वभाव. मी पान्यांची पेटी पायानं भिंतीकडे ढकलली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, आणि शुक्रवारी घाट उतरायचाच होता.

मंगळवार आणि शुक्रवार. मालकांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना खाली साताऱ्याला न्यायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत वर आणायचं. एखादी खेप चुकली तर तोंडा-पायांवर सूज चढायची. लागोपाठ चुकल्या तर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टरांनी मला दाराआड घेऊन सांगितलं होतं.

आमची उंबरवाडी डोंगराच्या माथ्यावर. पावसाळ्यात एसटी बंद व्हायची ती दिवाळीपर्यंत. गावापासून खालच्या डांबरी सडकेपर्यंत नुसता दगडधोंड्यांचा आणि चिखलाचा उतार. चारी चाकांना ताकद असलेली गाडीच तिथून जाऊ-येऊ शकायची, आणि तशी गाडी गावात एकच होती, आमची. महादू उतेकराकडे एक जीप होती, पण तिची मागचीच चाकं ओढायची, त्यामुळे पावसाळाभर ती दारात कोंबड्यांना सावली देत उभी असायची. तो आमची गाडी मागायला दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा मी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

मालक आजारी पडायच्या आधी मी त्या गाडीत मागे बसून माहेरी जाणारी बाई होते. पोटी पोर नाही, मग स्टेअरिंग धरणार कोण? त्यांनी शेजारी बसून शिव्या देत मला शिकवलं आणि मी त्या शिव्या व्याजासकट परत करत शिकले. गावानं नाकं मुरडली, थोरल्या दिरांनी तर महिनाभर अबोला धरला. मी म्हटलं, मुरडा. तुमची नाकं, तुमची हौस.

पण त्या श्रावणात गाडी वाजायला लागली आणि माझा सगळा तोरा उतरला. खट्ट. थोडा वेळ काही नाही. मग दगडावरून चाक उतरलं की खट्ट-खट्ट, लागोपाठ, थेट माझ्या पायाखाली. साताऱ्याच्या गुलाब मिस्त्रीनं बुश बदलले, सांधे बदलले. गॅरेजातून निघताना गाडी गप्प असायची, वर येईपर्यंत गप्प असायची. पुढच्या खेपेला घाट उतरायला लागलो की परत सुरू.

त्या शुक्रवारी पहिल्या वळणालाच आवाज आला. मालकांनी डॅशबोर्डला हात टेकला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"इंदू, परत फिरू या. ह्या गाडीचा आता भरवसा न्हाई."

"परत फिरून काय करायचं? आरती ओवाळायची तुमची?"

"चाक निखाळलं तर दोघंबी दरीत जाऊ."

"मग दोघं जाऊ. गप बसा."

मी बोलले खरं, पण भरवसा मलाही नव्हता. प्रत्येक वळणाला मी गाडी थांबवून खाली उतरायची, मागच्या चाकाला दगड लावायची, पुढच्या चाकांना लाथा मारून पाहायची आणि परत बसायची. पदर भिजून अंगाला चिकटला होता. एका वळणावर गाडी इतकी जोरात वाजली की मी ब्रेक दाबून डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा मालक माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. कसलासा कळवळा होता. मला वाटलं, बिचारे स्वतःचा जीव सोडून माझी काळजी करतायत.

त्यांना मशीनवर सोडून मी गाडी गुलाब मिस्त्रीकडे घातली. गुलाब मुलाणी मालकांचा जुना दोस्त, दोघांनी एकाच गॅरेजात उमेदवारी केलेली.

"वहिनी, ह्या गाडीला तुमच्या घराचा काय राग हाय का?" तो म्हणाला. "माझ्याकडनं मुक्यानं जाती आन तुमच्याकडनं बोंबलत येती."

"चेष्टा नका करू, गुलाबभाई. माझा जीव टांगणीला लागलाय."

तो खाली वाकलाच नाही. पुढच्या बंपरवर एक पाय ठेवून त्यानं सगळा भार टाकला आणि एकदम काढून घेतला. खट्ट. परत दाबलं. खट्ट-खट्ट.

"चाक फिरवून घावणारा आवाज न्हाई ह्यो. दाबून घावणारा हाय." चाकामागे हात घालून त्यानं चाचपलं आणि त्याचा चेहरा बदलला. "शॉकपचा खालचा नट. वहिनी, ह्यो मी मंगळवारी आवळलाय. वायसर घालून."

"मग ढिला कसा झाला?"

"आपसूक न्हाई झाला. हिकडं बघा. धारंवर पान्याचं ताजं वरखडं हायेत, चकाकत्यात. आन वायसर गायब." तो हात पुसत उभा राहिला. "कुणीतरी सोडतंय ह्यो."

मी वाकून तो नट पाहिला. "यानं काय होतं? चाक निघतं?"

"न्हाई, न्हाई. ह्यानं नुस्ता आवाज येतो. गाडी कुठं जात न्हाई. पण ज्यानं आज ह्यो सोडला त्यो उद्या स्टेअरिंगचा सोडंल, तर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "हिंदूला सांगू नका. आधीच त्याचं काळीज नाजूक झालंय."

मी नाही सांगितलं. येताना गाडी गप्प होती, मालकही मागे रेलून डोळे मिटून पडले होते आणि मी सगळा घाट महादू उतेकराला मनातल्या मनात शिव्या घालत चढले. मालकांना दाबून बघायची ती साधी युक्ती कशी आठवली नाही, असंही एकदा मनात आलं. सगळी गाडी हातानं चाचपून घेतली माझ्याकडून, आणि बंपरवर पाय ठेव एवढं काही सांगितलं नाही. आजारानं माणसाची बुद्धीही खाल्ली, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला.

रविवारी थोरले दीर आले. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं. त्यांच्या शब्दाखातर गावात भांडणं मिटायची आणि त्यांच्या शब्दानं माणसं बदनामही व्हायची. मालक शेडाच्या तोंडाशी बाकावर बसले होते. तिथंच त्यांची दिवसाची जागा असायची, गाडीच्या जवळ.

"कसं काय हाय?" दादांनी विचारलं.

"मी बरा हाय. गाडी बरी न्हाई," मालक म्हणाले. "लई वाजती, दादा. मंगळवारी जाणं हुतंय का न्हाई, सांगता येत न्हाई."

मी आतून तीरासारखी बाहेर आले. "जाणं होणार! का नाही होणार?"

"तू मधी बोलू नगंस," दादा म्हणाले. "बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की हेच व्हायचं. उद्या माझ्या भावाला काय झालं तर जबाब कोण देणार?"

"तसं नगा बोलू, दादा," मालक घाईनं म्हणाले. "तिचा काय दोष न्हाई. गाडीचंच वय झालंय. गाडीनंच हात टेकल्यावर ती तरी काय करणार?"

"झोळी करून उतरवू मग. पोरं गोळा करतो मी."

"नगं. पावसात झोळीतनं जायचं म्हंजी वाटंतच खेळ खलास. ते मला जमायचं न्हाई."

दादा जरा वेळ बसले, गाडीकडे रागानं पाहिलं आणि गेले. मी मालकांवर तुटून पडले. अवसान गळाल्यासारखं लोकांपुढे कशाला बोलता, गाडी नीट आहे, मंगळवारी मी तुम्हाला खांद्यावर टाकून नेईन. ते मान खाली घालून ऐकत होते. त्या दोन दिवसांत मला कशातही तोच आवाज ऐकू यायचा. जात्याच्या खुंट्यात, दाराच्या कडीत, पातेल्यावरच्या झाकणात. कुणीतरी आमच्या जिवावर उठलंय आणि मी एकटी आहे, एवढंच डोक्यात घोळायचं.

सोमवारी सांजेला मी एक काम केलं. गोडेतेलात कुंकू कालवलं आणि चाकामागे हात घालून, नटापासून खालच्या लोखंडापर्यंत काडीनं जाडसर रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटणार, आणि ज्यानं हलवला त्याच्या बोटांना ते लागणार. तेलातलं कुंकू सहजी निघत नाही, हे बायकांना सांगायला नको. मी ठरवलं होतं, सकाळी रेघ तुटलेली दिसली की सरळ महादूच्या दारात जायचं आणि चारचौघांत त्याला हात पुढे करायला लावायचं.

मंगळवारी उजाडल्यावर झऱ्यावरून पाणी आणलं आणि हंडा न उतरवताच शेडात वाकून पाहिलं. रेघ तुटली होती. खालचा तुकडा तसाच, वरचा फिरून भलतीकडे गेलेला. हंड्यातलं पाणी माझ्या खांद्यावर सांडलं. महादूकडे निघणारच होते, पण म्हटलं आधी मालकांना चहा देऊ, रिकाम्या पोटी त्यांना कळमळतं. अर्धा कप केला आणि बाकावर नेऊन दिला.

त्यांनी कप घ्यायला हात पुढे केला. अंगठा आणि त्याच्या जवळचं बोट, दोन्ही लाल होती. नखांच्या कडेनं कुंकू बसलं होतं.

मी कप सोडला नाही. ते ओढतायत, मी सोडत नाही. मग त्यांनी माझ्या नजरेच्या वाटेनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"कुंकू लावलं हुतंस व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं गंज हाय."

"तुम्ही?"

ते बोटं मांडीवर घासू लागले.

"तुम्ही सोडता नट? माझं काळीज रोज घाटात सांडतंय, चिखलात लोळून मी एकेक सांधा चाचपतेय, आणि तुम्ही वर बसून मला सांगताय, म्होरचा धर?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? चाक निघालं असतं म्हणजे?"

एवढं मात्र त्यांना लागलं. मान ताठ झाली. "मी काय येडा हाय? शॉकपचा नट हाय त्यो. आवाजाबिगर काय करत न्हाई त्यो. तुझ्या जिवाला धोका हुईल असं मी काय करीन का?"

"मग का? का पण?"

त्यांनी चहाचा कप माझ्या हातून हळूच काढून बाकावर ठेवला. "गाडी बंद पडाय पायजे हुती, इंदू. तुझी हिंमत सुटंल, तू म्हणशील आता न्हाई जमत, असं वाटलं. तू काय सोडीनास. हत्तीसारखी जातीस आपली."

"गाडी बंद पाडायची होती तर वायर तोडायची."

"हात झाला न्हाई. आन नंतर तुलाच लागणार हाय की ती."

तो 'नंतर' मला नीट ऐकू आला. मी खाली जमिनीवरच बसले.

"सरळ सांगायचं होतं मला," मी म्हटलं.

"सांगून काय झालं असतं? मी न्हाई म्हणलो तर दादा म्हणणार, हिनं कान भरलं त्याचं. तू न्हेलं न्हाईस तर म्हणणार, हिनं मारला. पोर न्हाई म्हणून आधीच काय काय ऐकलंयस तू. मी ऱ्हाणार न्हाई, ह्या गावात तुला एकटीला ऱ्हायचंय." दम लागला म्हणून ते थांबले. "गाडी वाजती म्हणलं की सगळ्यांची तोंडं बंद. लोखंडाला कोण काय बोलतंय?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला इतका राग आला की पेटीतून पाना काढून मी चाकामागे हात घातला आणि नट असा आवळला की मनगट दुखायला लागलं. मग त्यांच्या दंडाला धरून उठवलं.

"बसा गाडीत. मंगळवार आहे आज."

ते बसले. लहान मुलासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

गाडी अगदी गप्प चालली होती. इतक्या दिवसांनी दगडावरून चाक उतरत होतं आणि काही वाजत नव्हतं. धुकं खालून वर येत होतं. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर देव पाण्यात घातले होते ती मिळाली होती, आणि मला ती सोसवत नव्हती. आवाज होता तोवर आम्ही दोघं मिळून तो ऐकत होतो, त्याच्यावर भांडत होतो. आता बोलायला काही नव्हतं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, खालून वर येताना अडखळणारा.

घाट जिथं खऱ्या अर्थानं सुरू होतो त्या वळणावर ते म्हणाले, "थांबव जरा."

मी थांबवली. इंजिन बंद केलं.

"तू न्हेलंस तर मी येणार," ते म्हणाले. "तुला न्हाई म्हणायची माझी ताकद न्हाई. पण एकदा ऐकून घे. मशिनवरनं उठलो की दीड दिस मी माझा नसतो. मग जरा बरं वाटाय लागलं, जेवाण ग्वाड लागाय लागलं, की तू टायरीत हवा बघाय लागतीस. मंगळवार आला, शुक्रवार आला. दोन वर्सं मी तुझ्यासाठी आलोय, इंदू."

"मग अजून या. माझ्यासाठीच या."

"येतो की. न्हे मला." त्यांनी बाही वर केली. सुयांनी दंडाची शीर दोरखंडासारखी गाठाळून गेली होती. "पर आता मन लागंना. त्या खोलीत पडून वरचा पंखा बघत मराय नगं वाटतं. घरी वाटतं."

"आणि मी काय करू? तुम्ही गेल्यावर मी एकटी काय करू?" मी मोठ्यानं विचारलं. इतक्या दिवसांत हे मी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

त्यांनी डॅशबोर्डवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "गाडी चालवशील."

मी स्टेअरिंगवर डोकं टेकवून रडले. चिडले नाही, रडलेच. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, त्याला वजन असं काही राहिलं नव्हतं. त्यांना पुढे नेणं माझ्या हातात होतं. किल्ली फिरवायची आणि उतारावर सोडायचं, ते काही म्हणाले नसते. तेच मला सहन होईना. आजवर मी त्यांना दरीतून, चिखलातून, तापातून नेलं होतं, पण त्यांच्या मनाविरुद्ध नेलं नव्हतं. की नेलंच होतं आणि मला कळलं नव्हतं? बसून बसून माझे डोळे कोरडे झाले. मग मी किल्ली फिरवली आणि रिव्हर्स गिअर टाकला.

त्या वळणावर गाडी वळवणं म्हणजे जिवाशी खेळ. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ते खिडकीतून मान बाहेर काढून सांगत होते. "मागं घे. अजून. अजून घे, भिऊ नगंस, मी बघतोय. बास. आता उजवीकडं दाब." गाडी फिरली.

घरी आल्यावर बाकावर टेकत ते म्हणाले, "पाणी दे. तांब्या भरून." डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं आणि दोन वर्षं मी पेल्यानं मोजूनच देत आले होते. मी तांब्या भरून आणला. तो त्यांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा रिकामा होता. मी आणखी विचारलं, तर हसून नको म्हणाले.

मग त्यांनी शेडाकडे मान हलवली. "दादा यील आता. गाडी माघारी फिरल्याली कुणी ना कुणी बघितलीच असंल. त्याला बसवून दावाय लागंल."

मला समजलं. मी पेटीतून पाना काढला.

"तुम्ही करता?" मी विचारलं.

"नगं. हात चालंना आज. तूच कर."

मी चाकामागे हात घातला. सकाळी रागाच्या भरात असा आवळला होता की नट हलेना. दोन्ही पाय दगडाला टेकवून ओढलं तेव्हा कुठं सुटला.

"किती सोडू?"

"दोन आटं."

मी सोडले.

"वायसर काढ. आता अर्धा आटा अजून. बंपर दाबून बघ."

मी बंपरवर पाय ठेवून भार टाकला आणि काढला. खट्ट. ज्या आवाजानं माझी झोप उडवली होती तो मी माझ्या हातानं गाडीत परत घातला होता.

दादा आले ते चार माणसं मागे घेऊनच. त्यांचं तोंड रागानं लाल झालं होतं. "माघारी का आणलंस त्याला?" त्यांनी मला दरडावून विचारलं. "मंगळवार हाय न्हवं आज?"

"गाडी वाजते, दादा," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, पण शब्द नीट बाहेर पडले. "मला धीर होत नाही. तुम्ही बसून बघा."

ते बसले. मी शाळेपर्यंत नेली आणि परत आणली. दगडावर चाक चढलं की खट्ट, उतरलं की खट्ट-खट्ट. दादांनी वरची दांडी घट्ट धरली होती. शाळेपाशी ते म्हणाले, "हळू, हळू." त्यांचा आवाज भावाचा झाला होता, गावच्या दादांचा राहिला नव्हता. दारात गाडी थांबल्यावर उतरून ते मालकांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्या माणसांकडे वळले.

"ह्या गाडीतनं घाट उतरायचा म्हंजी दोघांचाबी जीव जाणार. पोरीनं लई केलं. हितनं म्होरं कुणी तिला बोलायचं काम न्हाई."

माणसं माना हलवत पांगली. दादा तोंड फिरवून डोळे पुसत गेले. त्या दिवसापासून ते मालक जाईपर्यंत आणि त्यानंतर आजवर, उंबरवाडीत मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मालक घरीच गेले, अंथरुणावर, माझ्या मांडीवर. नवरात्र तेव्हा तोंडावर आलं होतं. जीप मी पुढं बरीच वर्षं चालवली, गावच्या अडल्यानडल्यांना घेऊन उतरवली.

पण हे नंतरचं. त्या मंगळवारी सगळे गेल्यावर पावसाची सर आली आणि मालक बाकावरून म्हणाले, "गाडी आत घे, भिजंल."

मी गाडी आत घेतली. अंगणातल्या दगडांवरून ती वाजत वाजत शेडात शिरली. ते मान एका बाजूला करून, डोळे बारीक करून ऐकत होते, उमेदवारीच्या दिवसांत गिऱ्हाइकाची गाडी ऐकत असतील तसे. मी उतरून त्यांच्याजवळ आले.

"झ्याक सोडलायस," ते म्हणाले. गाडीच्या कामात त्यांनी मला बरं म्हटलं, ते एवढंच.